कोरडा धावणारा पंप

पाण्याच्या पंपाबरोबर खोक्यात एक घडीचं माहितीपत्रक येतं. अक्षर मुंगीएवढं, चार-पाच भाषांत तोच मजकूर. अशाच एका पत्रकाच्या मराठी भागात ठळक ठशात सूचना छापली होती: 'पंप कोरडा धावू देऊ नका.' वाचणाऱ्याला आधी हसू येतं. चार बोल्टांवर पक्का बसवलेला तो जड पंप पाय फुटून अंगणातून धावत सुटलाय असं चित्र डोळ्यांपुढे येतं. मग पत्रकाची घडी होते, ते खोक्यात जातं आणि खोकं माळ्यावर. सूचनाही त्याबरोबर माळ्यावर जाते. हे वाक्य मनातून जात नाही ते यासाठी, की त्या अख्ख्या कागदावर सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच होती.

पंपाचा दांडा मोटरकडे जिथून जातो तिथून पाणी बाहेर येऊ नये म्हणून सील बसवलेलं असतं. त्यात दोन गुळगुळीत कड्या असतात, बहुधा एक कार्बनची आणि एक सिरॅमिकची. एक दांड्याबरोबर फिरते, दुसरी जागच्या जागी बसून राहते आणि स्प्रिंग दोघींना एकमेकींवर दाबून धरते. त्या दोघींच्या मधे पाण्याचा एक पापुद्रा असतो, डोळ्यांना न दिसण्याइतका पातळ. वंगण तोच आणि गारवा देणाराही तोच. पाणी संपलं की कड्या कोरड्या घासतात, तापतात, शेजारचं रबर कडक होतं. तेवढ्यात कुणाच्या तरी लक्षात येतं, घाईघाईनं पाणी सोडलं जातं, आणि तापलेल्या सिरॅमिकला तडा जातो. त्यानंतर मोटर आणि पंप यांच्या मधल्या फटीतून थेंब थेंब गळू लागतं. मेकॅनिक येतो, वाकून बघतो आणि दोनच शब्द बोलतो: सील गेलंय.

मूळ इंग्रजीत 'रन ड्राय' असणार. भाषांतर करणाऱ्या माणसानं, किंवा यंत्रानं, 'रन' म्हणजे धावणे हा कोशातला पहिला अर्थ उचलला आणि पुढे गेला. मराठीत पंप धावत नाही, पंप चालतो. मोटर चालते, पंखा चालतो, गिरणी चालते, घड्याळ चालतं.

इंग्रजीत जे जे धावतं, त्यातलं बरंचसं मराठीत चालतं.

या शब्दाचा पसारा किती आहे ते ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशावरून कळतं. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद 'सेट' या शब्दाची होती. पुढे नोंदी नव्यानं तपासायचं काम सुरू झालं आणि २०११ च्या सुमारास 'रन'ची पाळी आली. पीटर गिलिव्हर या कोशकारानं त्या एका शब्दावर सुमारे नऊ महिने काम केलं आणि नुसत्या क्रियापदाचेच ६४५ अर्थ निघाले. नाम वेगळं. यंत्रं आली तसा हा शब्द फुगत गेला असं कोशाचे अभ्यासक सांगतात, आणि ते पटतं. वाफेचं इंजिन, आगगाडी, छापखाना, विजेची तार, संगणक, जे जे नवं आलं त्याला इंग्रजीनं धावायला लावलं. पण मला याहून जुनं एक कारण जास्त मोलाचं वाटतं. जुन्या इंग्रजीत ही दोन क्रियापदं होती. 'रिन्नन' किंवा 'इर्नन' म्हणजे स्वतः धावणं, वाहणं. आणि 'अ‍ॅर्नन' म्हणजे दुसऱ्याला धावायला लावणं, घोडा दौडवणं. काळाच्या ओघात शेवटची अक्षरं झिजली, दोन्ही एकात मिसळली. म्हणून आज इंग्रजीत दुकानही रन होतं आणि मालकही दुकान रन करतो. कोण हलतंय आणि कोण हलवतंय हे शब्दाच्या रूपावरून कळत नाही, वाक्यातल्या जागेवरून ओळखावं लागतं. जर्मन भाषेनं निदान एक वाट राखून ठेवली आहे: 'रेनन' म्हणजे धावणं, 'रिनन' म्हणजे पाण्यासारखं वाहणं, ठिबकणं. आपल्याकडे तर 'व' हे एक अक्षर सगळं काम करून जातं. चालणं आणि चालवणं, पळणं आणि पळवणं, फिरणं आणि फिरवणं. त्या एका 'व'मागे हात उभा असतो. 'पंप चालतो' म्हटलं की पंप दिसतो, 'पंप चालवतो' म्हटलं की बटणावरचं बोट दिसतं.

'चालणे'कडे नीट पाहिलं तर तेही काही लहान घराणं नाही. नाटक चालतं, म्हणजे लोक तिकीट काढून येतात. डोकं चालत नाही, तोंड मात्र चालतं. फाटलेली नोट चालत नाही. प्रथा चालत येते. आणि नुसतं 'चालेल' म्हणून आपण होकार देतो, तेव्हा तर कुणी पाऊलही उचललेलं नसतं. गंमत अशी, की पैशाच्या बाबतीत दोन्ही भाषा वेगवेगळ्या रस्त्यांनी एकाच चावडीवर येऊन बसल्या आहेत. इंग्रजी 'करन्सी' लॅटिनमधल्या 'कुर्रेरे'पासून आली, त्याचा अर्थ धावणे. आपलं 'चलन' आलं 'चल्' धातूपासून. त्यांचा पैसा धावतो, आपला चालतो, पण एका हातात थांबला तर तो पैसाच नाही, हे दोघांनाही उमगलेलं आहे. बँकेतलं 'करंट अकाउंट' आपण 'चालू खातं' केलं. तिथेही त्यांचा शब्द धावणारा आणि आपला चालणारा. 'करिक्युलम' म्हणजे मुळात धावण्याची वाट, रथांची शर्यत. आपण त्याला 'अभ्यासक्रम' म्हणतो, आणि 'क्रम्' म्हणजे पाऊल टाकणं. संगणकाच्या पडद्यावर लुकलुकणारा 'कर्सर' हाही मूळचा धावपटूच. संगणकाच्या आधी हिशेबाच्या सरकपट्टीवर पुढे-मागे होणाऱ्या पारदर्शक तुकड्याला हेच नाव होतं.

घड्याळापाशी हा फरक अगदी हातात धरता येतो. इंग्रजीत घड्याळ हळू पडलं तरी धावतच असतं. 'रनिंग स्लो' म्हणतात. हळू धावणं मराठी कानाला अवघडल्यासारखं लागतं. आपलं घड्याळ मागे पडतं, किंवा पुढे जातं. लंबकाच्या घड्याळात पोलादी दांडी असेल तर उन्हाळ्यात ती किंचित लांबते आणि लंबकाच्या प्रत्येक झोक्याला थोडा जास्त वेळ लागतो. एक अंश तापमान वाढलं तर दिवसाला साधारण अर्धा सेकंद जातो. दहा अंशांचा फरक पडला तर दिवसाला पाच सेकंद, आणि महिन्याला अडीच मिनिटं. लंबकाच्या तळाशी एक नट असतो. तो वर फिरवला की गोळा वर चढतो आणि घड्याळ पुढे जाऊ लागतं. खाली घेतला की मागे पडतं. एका वेळी अर्ध्या फेऱ्याहून जास्त फिरवू नये, आणि एक दिवस थांबून मगच पुन्हा हात लावावा. घाई करणारा माणूस आठवडाभर नुसता नटाच्या मागे धावतो.

पातळ पदार्थांपाशी आल्यावर मात्र मराठी चालणंही सोडून देते. इंग्रजीत नदी धावते, नाक धावतं, नळ धावतो, ओला रंग धावतो, धुण्यातला कपड्याचा रंगही धावतो. एकच शब्द. आपल्याकडे नदी वाहते, नाक गळतं किंवा वाहतं, भिंतीतून पाणी पाझरतं, कपड्याचा रंग जातो नाहीतर सुटतो. नळाचे तर दोन प्रकार आहेत: 'नळ चालू आहे' म्हणजे कुणीतरी वापरतंय, 'नळ वाहतोय' म्हणजे कुणीतरी विसरलंय. दुसऱ्या वाक्यात काळजी आहे, थोडा राग आहे, उठून बंद कर असा हुकूमही आहे. इंग्रजीतल्या त्या एका शब्दाचं भाषांतर करताना आधी ठरवावं लागतं की नळाखाली बादली आहे की नाही.

रंगाऱ्याचा 'रन' म्हणजे ओघळ. उभ्या फळीला तेलरंग लावला, हात जड पडला किंवा थिनर जास्त झालं, की रंग स्वतःचं वजन पेलू शकत नाही आणि खाली सरकतो. वर पातळ, खाली थेंबासारखा फुगीर. फवाऱ्यानं मारताना बंदूक फार जवळ धरली तरी हेच. साधारण १५ ते २० सेंटिमीटर अंतर राखलं आणि हात एका लयीत सरकता ठेवला तर ओघळ येत नाही. रंग ओला असेल तोवर, म्हणजे पहिल्या काही मिनिटांतच, रिकाम्या ब्रशनं तो खालून वर ओढून घेता येतो. एकदा वरची साय धरली की हात लावायचा नाही. आत ओला आणि वर सुकलेला असा ओघळ पुसायला गेलं की साय सुरकुतते आणि डाग दुप्पट होतो. पूर्ण कडक होऊ द्यायचा, मग ३२० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून, मागे लाकडी ठोकळा धरून घासायचा, आणि वरून पातळ हात मारायचा. 'ओघळ' या शब्दातच तो पडण्याचा संथपणा आहे. ओघळ, ओहोळ, ओघ, हे सगळे शब्द उच्चारतानाच उतारावरून खाली येतात.

ओतकामातला 'रनर' मात्र मराठीतही रनरच राहिला. साच्यात धातूचा रस ज्या वाटेनं जातो ती वाट रनर. ती अरुंद झाली, किंवा रस पुरेसा तापलेला नसला, तर रस वाटेतच गोठतो आणि साच्याचा कोपरा रिकामा राहतो. वस्तू बाहेर काढली की तिची कड गोलसर, अर्धवट विरघळलेल्या खडीसाखरेसारखी दिसते. या दोषाचं इंग्रजी नाव 'मिसरन', म्हणजे चुकलेली धाव. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतं, पण तेवढ्यावर ओतलं तर हे ठरलेलंच. म्हणून ७०० अंशांच्या वर नेऊन ओततात. उलट फार तापवलं तर रस हवेतला ओलावा धरतो, हायड्रोजन विरघळतो आणि गोठताना बारीक छिद्रं पडतात. या जागी 'धाव' हा शब्द मला पूर्ण पटतो. पाणी वाहतं निवांत, त्याला कुठे पोचायची घाई नसते. तापलेल्या रसाला मात्र गोठण्याआधी साच्याच्या शेवटच्या कोपऱ्यात पोचायचं असतं, आणि हाताशी वेळ थोडा असतो. ती धावच.

विणकामातली धाव उलट्या दिशेची. लोकरीच्या विणीत प्रत्येक टाका खालच्या टाक्यात अडकलेला असतो. सुईवरून एक सुटला की खालचा मोकळा होतो, मग त्याच्या खालचा, आणि बघता बघता शिडीसारखी उभी रेघ खाली उतरते. इंग्रजीत तीही 'रन'. मराठीत विणकाम उसवतं. घाबरून ओढाताण केली की शेजारचे टाके घट्ट होतात आणि शिडी आणखी लांबते. शेवटच्या सुट्या फासात आधी एक सेफ्टी पिन अडकवायची, म्हणजे उतरणं थांबतं. मग क्रोशाची सुई पुढून त्या फासात घालायची, वरची आडवी दोरी आकड्यात धरून फासातून ओढायची, पुन्हा पुढची दोरी. पायरी पायरीनं वर चढत सुईपर्यंत यायचं.

काही ठिकाणी तर इंग्रजी धावते आणि मराठी उभी असते.

निवडणुकीत अमेरिकी उमेदवार धावतो. ब्रिटिश उमेदवार मात्र परंपरेनं उभा राहतो, आणि आपलाही उभाच राहतो. फार तर लढतो. 'रन ऑन द बँक'मध्ये, म्हणजे ठेवीदार एकदम पैसे काढायला लोटतात तेव्हा, तर शब्द आणि दृश्य यांची पुरती फारकत आहे. सप्टेंबर २००७ मध्ये नॉर्दर्न रॉक या ब्रिटिश बँकेबाहेर लोक पदपथावर शांतपणे रांगा लावून उभे होते. कुणी धावत नव्हतं. त्याला नाव मात्र तेच. ठेवीदारांचा पैसा बँकेनं लांबच्या मुदतीच्या कर्जांत गुंतवलेला असतो. सगळे एकदम मागायला आले तर चांगली बँकही तो त्याच दिवशी देऊ शकत नाही, आणि आपल्या आधी दुसरे काढून नेतील या भीतीनंच सगळे एकदम येतात. पुढे ९ मार्च २०२३ ला अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेतून एका दिवसात ४२ अब्ज डॉलर काढून घेण्याच्या मागण्या आल्या, बहुतेक फोनवरून आणि संगणकावरून. या वेळी रांगही नव्हती. धावला तो फक्त पैसा, म्हणजे 'करन्सी'नं आपलं मूळ नाव खरं केलं. मराठी वर्तमानपत्रं अशा वेळी 'झुंबड' लिहितात. तो शब्द रांगेला चालतो. फोनवरच्या झुंबडीला नवा शब्द अजून यायचा आहे.

म्हणून मराठीला 'धाव' नाही असं मात्र कुणी समजू नये. आपली धाव स्वतंत्र आहे आणि तिच्या वाटा वेगळ्या आहेत. क्रिकेटमधली धाव तर आपण इतकी आपलीशी केली की तिच्यामागे 'रन' होता हे विसरायला होतं. सुरुवातीच्या काळात धावा मोजणारे काठीवर सुरीनं खाचा पाडत, म्हणून इंग्रजीत तिला 'नॉच', खाच, असंही म्हणत. खेळपट्टी २२ यार्डांची, म्हणजे २०.१२ मीटर, पण तेवढं अंतर कुणी धावत नाही. ज्या रेषेपलीकडे बॅट टेकवायची ती दोन्ही टोकांना यष्टीपासून ४ फूट पुढे आहे, त्यामुळे प्रत्यक्ष धाव ५८ फुटांची, १७.६८ मीटरची. बॅट रेषेवर टेकली तर ती अपुरी, रेषेच्या आत टेकायला हवी. दुसरी धाव घेताना वळायच्या घाईत बॅट रेषेच्या अलीकडेच राहिली तर दोन धावांची एकच धरतात. पाय दोनदा धावले, फलकावर एक. आणि चौकार गेला तर जागचं न हलता चार. बोलताना आपण धावा काढतो, विहिरीतून पाणी काढावं तशा.

त्या विहिरीपाशीही एक धाव आहे. मोटेचे बैल ज्या उतारावरून खाली जात त्या वाटेचं नाव धाव. गाडीच्या लाकडी चाकावरची लोखंडी पट्टी हीसुद्धा धाव. ती चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान करतात, लाल होईपर्यंत तापवतात, फुगली की चाकावर ठोकून बसवतात आणि लगेच पाणी ओततात. लाकूड जळल्याचा वास, वाफ, आणि आरे तुंब्यात, म्हणजे चाकाच्या मधल्या लाकडात, घट्ट बसल्याचा करकर आवाज एकदम येतो. पट्टी फार लहान झाली तर आकसताना आरे वाकतात. मोठी राहिली तर उन्हात लाकूड सुकल्यावर धाव निखळते. 'सरड्याची धाव कुंपणापर्यंत' म्हणताना तोच शब्द अंतर होतो, आवाका होतो. शिवणकामात धावदोरा आहे. 'फ्लाइंग व्हिजिट'ला आपण धावती भेट म्हणतो, म्हणजे इथे इंग्रजी उडते आणि आपण धावतो. आणि देवाचा धावा आहे, ज्यात धावायचं देवानं असतं आणि माणूस जागेवर हात जोडून उभा. तो 'धावा' पुल्लिंगी, धावफलकावरच्या 'धावा' स्त्रीलिंगी. शेवटच्या षटकात प्रेक्षकांच्या तोंडी दोन्ही एकदम असतात.

आणि जिथे मराठीनं सरळ 'रन' किंवा 'रनिंग' उचलून घेतलं, तिथे त्याला स्वतःचा नेमका अर्थ दिला. जुनी गाडी बघताना 'रनिंग किती झालंय?' विचारतात, म्हणजे किलोमीटर. संगणकावर काम करणारे प्रोग्राम 'रन' करतात, कारण 'चालू करणे' म्हटलं तर तो नुसता उघडल्यासारखा वाटतो. सुतार आणि गवंडी 'रनिंग फूट' म्हणतात, आणि तिथे नीट कान द्यावा. रनिंग फूट म्हणजे नुसती लांबी, रुंदी ठरलेली धरून. दोन फूट रुंदीचा, भिंतीच्या कोपऱ्यात वळणारा ओटा घ्या. एक भिंत आठ फूट, दुसरी सहा. भिंतीलगत टेप लावला तर चौदा रनिंग फूट होतात. पण कोपऱ्यातला दोन फुटांचा चौकोन त्यात दोनदा मोजला गेला. ओट्याच्या मधोमध टेप धरला तर सात अधिक पाच, बारा. क्षेत्रफळ काढून पाहा, चोवीस चौरस फूट येतं, भागिले दोन, बाराच. काम सुरू व्हायच्या आधी कोपरा कसा मोजायचा हे बोलून घेतलं नाही तर शेवटी त्या दोन फुटांवरून चांगली माणसं एकमेकांशी बोलेनाशी होतात.

पंपाच्या त्या पत्रकात मराठी बसवणाऱ्याला हे सगळं ठाऊक असायची गरज नव्हती. त्यानं एकदा पंपाशेजारी उभं राहायला हवं होतं. पाणी नसताना पंपाचा आवाज बदलतो. भरीव घुंग आवाजाच्या जागी पोकळ खरखर येते, आणि पंपाच्या डोक्यावर हात ठेवला तर चटका बसतो. जे लोक रोज पंप हाताळतात ते म्हणतात, पंपानं हवा धरली, पंप पाणी उचलत नाही. त्यांच्या बोलण्यात कुणी धावत नाही. सूचना त्यांच्या शब्दांत अशी होईल: पाणी नसताना पंप चालू ठेवू नका. सुरू करण्याआधी वरचं बूच काढा, बुडबुडे थांबेपर्यंत पाणी भरा, बूच घट्ट करा आणि मगच बटण दाबा. मिनिटभरात पाणी आलं नाही तर पंप बंद करून फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पाण्यात बुडलेल्या नळीच्या तळाची झडप, बघा. त्यात काडी किंवा पान अडकलं असेल तर भरलेलं पाणी खाली उतरून जातं.